सेझिनकोट हाउस : 1798 ते 1805 मधली मालकी कशी शोधावी? मदत हवी आहे

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशरमधलं सेझिनकोट, म्हणजे तांब्याच्या हिरवट, कांद्यासारख्या घुमटाचं मुघल धाटणीचं घर. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत पैसा कमावलेल्या कर्नल जॉन कॉकरेलने 1795 मध्ये ही इस्टेट घेतली. 1798 मध्ये तो वारला आणि ती पुढे धाकट्या भावाकडे, चार्ल्सकडे आली. आजचं घर चार्ल्ससाठी त्यांचाच भाऊ सॅम्युअल पेपिस कॉकरेल याने 1805 च्या सुमारास उभारायला घेतलं. अडचण मधल्या सात वर्षांची आहे: इस्टेट थेट चार्ल्सला मिळाली, की आधी भावंडांत वाटली गेली?

लँड टॅक्सच्या (जमिनीवरच्या कराच्या) याद्या पाहून झाल्या. त्यात मालक आणि कसणारा यांची नावं आणि कराची रक्कम एवढंच असतं, जमीन कशी आली ते नसतं. 1796 पासूनची वारसा-कराची रजिस्टरं मुख्यतः जंगम मालमत्तेची. दस्तनोंदणी तेव्हा फक्त मिडलसेक्स आणि यॉर्कशरमध्ये होती, त्यामुळे आपल्या फेरफारासारखी सलग नोंद इथे मिळणारच नाही. कँटरबरीच्या (मृत्युपत्रं प्रमाणित करणाऱ्या) चर्च न्यायालयातलं जॉनचं मृत्युपत्र लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून मागवते आहे, पण त्यावरून हेतू कळेल, प्रत्यक्ष हस्तांतरण नाही.

तिकडे जाणं शक्य नाही. प्रतींचे पैसे पानागणिक पडतात, म्हणून नेमकी कागदपत्रंच मागवायची आहेत. चार्ल्सने भावंडांचे हिस्से विकत घेतले असतील, तर ते लीज-अँड-रिलीजच्या जोडखतात (आधी नाममात्र भाडेपट्टा, मग हक्कसोड, अशा जमीन हस्तांतरणाच्या दोन दस्तांत) सापडेल, की चान्सरीच्या (मालमत्ता-वारशाचे वाद ऐकणाऱ्या न्यायालयाच्या) दाव्यांत आधी शोधावं?