अनुभव सांगा: गुरुजींचा फोन, ग्रुप आणि वर्ग

नदीकाठची_शाळा
काल शाळेचं कपाट आवरताना तेलरंगाचा वाळून दगड झालेला डबा सापडला, अन् २०१६ चा उन्हाळा आठवला. यवतमाळ जिल्ह्यातली द्विशिक्षकी शाळा, पहिली-दुसरी माझ्याकडं. एका ओळखीच्या गुरुजींनी व्हॉट्सॲपवर साताऱ्याच्या कुमठे बीटातल्या (बीट म्हणजे शाळांचा गट) शाळांचे फोटो टाकले होते. फरशीवर आखलेले तक्ते, त्यावर बसून आपापलं शिकणारी पोरं. साताऱ्याला जाणं काही जमण्यासारखं नव्हतं. फोटो मोठे करकरून पाहिले, मापं विचारून घेतली अन् मे महिन्यात, पंखा नसलेल्या खोलीत गुडघे टेकून आम्ही दोघांनी एक ते शंभरचे चौकोन रंगवले. आपल्याकडं उन्हामुळं शाळा जूनच्या शेवटी उघडते. पहिल्याच आठवड्यात, वर्षभर तोंड न उघडलेली एक पोरगी सतरावर उभी राहिली अन् खालच्या चौकोनात उडी मारत सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस म्हणत गेली. मी खडू हातात धरून नुसता बघत राहिलो.

पुढं तोच फोन वर्गात आडवा येऊ लागला. साडेअकराला मेसेज, 'बारापर्यंत माहिती द्या, अतितात्काळ.' पोरं हातच्याची बेरीज शिकायला बसलेली, अन् मी पटाचे आकडे टाइप करतोय. तुमच्याकडं काय झालं? बरं-वाईट दोन्ही लिहा.

पळसफूल
माझी पहिली नेमणूक मेळघाटात, धारणीकडं. पोरं कोरकू बोलायची, मी मराठी. एक लहानगा 'डा, डा' करत रडत होता, मला वाटलं पोट दुखतंय. त्याला पाणी हवं होतं. मग तिथल्याच एका कोरकू सरांनी आमच्या ग्रुपवर रोज संध्याकाळी आवाजात दोन-तीन शब्द पाठवायला सुरुवात केली. डा म्हणजे पाणी, जोम म्हणजे खाणं. मी स्वयंपाक करता करता म्हणायची. त्या ग्रुपनं मला मास्तरीण केलं. बाकी नंतर लिहिते, भात उतू चालला.

वर्धेचा_भाऊ
राजेहो, फरशीचा रंग किती वर्षं टिकला? आमचा तं दोन पावसाळ्यात उडून गेला.

नदीकाठची_शाळा
कोबा असेल तर आधी प्रायमर मारा भाऊ, अन् ओल पूर्ण वाळू द्या. आम्ही दरवर्षी उन्हाळ्यात आकडे परत गिरवतो.

कपाशीची_बोंडं
सेल्फीचं आठवतं का कोणाला? २०१७ च्या जानेवारीपासून दर सोमवारी पोरांसोबत सेल्फी काढून सरकारला पाठवायचा आदेश होता. शिक्षकांनी विरोध केला, ते लांबणीवर पडलं. पण फोटोची सवय मागं राहिली. हात धुतले, फोटो. खिचडी वाढली, फोटो. रोप लावलं, फोटो. आमच्याकडं रेंज फक्त मारुतीच्या पारावर. एकदा मी फोटो पाठवायला पारावर गेले अन् परत आले तं पोरं ओरडली, 'मॅडम, त्यानं पूर्ण ओळ वाचली!' दोन वर्षं मी ज्याच्यासाठी झटत होते, तो पोरगा. परत वाच म्हटलं तर लाजला, मान खाली. तो क्षण मला अजून लागतो.

वर्धेचा_भाऊ
वाचून वाईट वाटलं ताई. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण अन् निवडणूक, एवढीच बाहेरची कामं लिहिली आहेत. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, सभेत हे वाचून दाखवावं.

गुरुजींच्या_घरून
मी शिक्षिका नाही, शिक्षकाच्या घरची. रात्री साडेदहाला मेसेज आला की हे ताटावरून उठतात. सासूबाई म्हणतात, 'जेवू तं दे त्याले.' सकाळी डोळे तारवटलेले. तसेच पोरांपुढं उभे राहतात.

वैनगंगा
गडचिरोली. २०२० च्या टाळेबंदीत 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' चाललं होतं, रोजचा अभ्यास व्हॉट्सॲपवर यायचा. माझ्या पटावर एकतीस पोरं, फोन नऊ घरी, अन् तो फोन दिवसभर बापासोबत धानाच्या बांधीत. शेवटी मी वहीवर हातानं लिहून घरोघरी पानं वाटली. ग्रुपवरचं साहित्य मलाच कामी आलं, त्यातून प्रश्न निवडायला.

एक_बाप_वाशीम
मी पालक. पोरगी तिसरीत. तिच्या मॅडम पालकांच्या ग्रुपवर पोरांचं वाचन आवाजात टाकतात. तुरीच्या वावरात डवरणी चालू होती, बैल उभे केले अन् तिचा धडा चार वेळा ऐकला. मले वाचता येत नाही फारसं. मॅडमले सांगा कोणी, हे बंद करू नका.

नदीकाठची_शाळा
दादा, हा मेसेज मी आमच्या शाळेत सगळ्यांना वाचून दाखवणार आहे. आमच्या केंद्रप्रमुखांनी यंदा ठरवलंय, माहिती मागायची ती शाळा सुटल्यावरच. दोन महिने झाले, दुपारपर्यंत माझा फोन कपाटात असतो.

कपाशीची_बोंडं
पळसफूल ताई, ते कोरकू शब्द अजून आहेत का तुमच्याकडं? भाचीची नवीन नेमणूक आहे, सेमाडोहच्या पुढं.

पळसफूल
जुन्या फोनमध्ये असतील, रविवारी चार्ज करून बघते. पुढं रेंजचा भरवसा नाही, कार्डात भरून देते. परतवाड्याला बस बदलेल ना ती? तिथं माझी बहीण राहते, तिच्याकडं ठेवते.

कपाशीची_बोंडं
हो, परतवाड्यालाच. सोमवारी सकाळी.