हमीत जमा की हमीतून वजा?

अर्धविराम
वैमानिकांच्या एका वेतनकराराचा अनुवाद करतेय आणि एकाच वाक्यावर दोन दिवस अडले आहे. रिझर्व्हवरच्या, म्हणजे बोलावणं आलं तर उडायला तयार राहणाऱ्या वैमानिकाला महिन्याला ७५ तासांच्या पगाराची हमी. आयत्या वेळी बोलावून फेरी दिली तर तिचे तास ‘हमीत जमा होतील’, असं मी लिहिलं. तपासनिसांचा शेरा: ‘म्हणजे ७५ अधिक फेरीचे तास?’ तसं नाही हो! ४८ तास उडला तरी ७५चा पगार, ८२ उडला तर ८२चा. मग ‘हमीतून वजा’ केलं. त्यावर शेरा: ‘म्हणजे उडला की पगार कापायचा?’

जुनी_खतावणी
वळते करा. ‘फेरीचे तास हमीत वळते केले जातील.’

चौकस
उचल पगारातून वळती करतात, म्हणजे कापतातच की. पुन्हा तोच घोळ. ‘हमीच्या पोटात धरले जातील’ म्हणा. ७५ भरेपर्यंत सगळं पोटात, पुढचं वेगळं.

अर्धविराम
पोटात आवडलं. फक्त सुट्टीच्या दिवशी आपणहून घेतलेली फेरी या करारात हमीच्या वर मोजतात. ती पोटात नाही, डोक्यावर!

रात्रपाळी
माझी बहीण दोन वर्षं रिझर्व्हवर होती. इस्त्रीचा गणवेश दारामागे, बॅग भरलेली, आंघोळीला जाताना फोन साबणाशेजारी. एका महिन्यात जेमतेम २२ तास उडली, पगार पूर्ण हमीचा. लोक म्हणायचे, मजा आहे बुवा. पुढच्या महिन्यात पहाटे एकदा फोन उचलला गेला नाही, तर हमीतून त्या दिवसाचा वाटा गेला. रिझर्व्हचे १५ दिवस, ७५ भागिले १५, पाच तास गुल. म्हणजे हमी उडण्याची नव्हेच, हाताशी असण्याची. म्हणून ‘राखीव’ मला खटकतो. राखीव म्हणजे बाजूला ठेवलेलं, कुणी हात लावू नये असं.

जुनी_खतावणी
राखीव पोलीस दल आहे की. त्यांना काय कपाटात ठेवतात?

मोडीप्रेमी
‘तैनात’ घ्या. मूळ अरबी. जुन्या कागदांत तैनात म्हणजे नेमणूक आणि वेतनही, दोन्ही. ‘तैनातजाबता’ आठवा, नेमणूक-वेतनाचा कागद. एका शब्दात काम आणि दाम!

शुद्धमती
अरबीच आणायचा तर रिझर्व्हने काय घोडं मारलंय? ‘प्रतीक्षाधीन वैमानिक’ सरळ आहे.

रात्रपाळी
तिकीट कन्फर्म न झालेला वैमानिक वाटतो.

जुनी_खतावणी
बदली वैमानिक?

चौकस
नको. बदली कामगाराला काम मिळालं तरच रोज. हमीचा मुद्दाच उडाला. शिवाय एका शब्दात भागणार नाही. अमेरिकेत २०१४पासून लागू असलेल्या नियमांत शॉर्ट कॉल (बोलावलं की थोड्या वेळात हजर), लाँग कॉल (बरीच आधी सूचना) आणि विमानतळावर बसून वाट पाहणं अशा वेगळ्या तऱ्हा आहेत. शॉर्ट कॉलला एका दमात १४ तासांहून जास्त उपलब्ध ठेवता येत नाही. विमानतळावर बसलात तर ते बसणंसुद्धा उड्डाण-ड्युटीत मोजतात. घरी बसलेला आणि तिथे बसलेला, दोघेही ‘तैनात’ कसे?

शुद्धमती
‘उड्डाण-ड्युटी’! अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं. कर्तव्य म्हणायला काय होतं?

रात्रपाळी
बहीण ‘कर्तव्यावर’ गेली म्हटलं तर आईच्या पोटात गोळा येईल.

अर्धविराम
मंडळी, आज संध्याकाळी द्यायचंय. आणि ‘ब्लॉक तास’ राहिलेच. पगार त्या तासांवर असतो: विमान जागचं हललं की सुरू, पोचून थांबलं की बंद. तपासणीचा, वाट पाहण्याचा वेळ त्यात येत नाही.

मोडीप्रेमी
ब्लॉक म्हणजे चाकाशी लावलेला ठोकळा. काढल्यापासून लावेपर्यंत. ‘ठोकळतास’ करा.

चौकस
ठोकळ म्हणजे अदमासे. पगार अदमासे देतात असं वाटेल.

शुद्धमती
चक्ररोधकाल.

जुनी_खतावणी
हा आजाराचं नाव वाटतो.

अर्धविराम
‘हमीच्या पोटात’ लिहून पाठवलं. शेरा आला: ‘बोलीभाषा टाळा.’

मोडीप्रेमी
ठोकळमान आणि ठोकळा यांचं मूळ एकच का, कुणाला माहीत आहे?