पर्यावरण गटाने सेंद्रिय शेतीचा प्रचार कुठून सुरू करावा?

कोरडवाहू

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान पर्यावरण गटाशी मी जोडलेलो आहे. 2017 च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हापासून आम्ही कीटकनाशकांविरुद्ध सभा घेतो, निवेदने देतो. आता सेंद्रिय शेतीचा प्रचार हाती घ्यावा असे ठरत आहे. अडचण अशी, की गावच्या बैठकीत सेंद्रिय कर्ब, गांडुळे, मातीचा पोत हे सगळे लोक शांतपणे ऐकून घेतात आणि शेवटी एकच प्रश्न विचारतात : पहिल्या दोन-तीन वर्षांत उतारा घटला तर ती तूट कोण भरून देणार? गटातील काहींना सिक्कीमचा दाखला देऊन सरसकट बंदीची मागणी करावी असे वाटते. मला ते पटत नाही, पण दुसरा मार्गही नीट मांडता येत नाही. ज्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी कृपया लिहावे.

बांधावरून

सिक्कीमचा दाखला जपून द्यावा. तेथे विधानसभेने 2003 मध्ये ठराव केला, सेंद्रिय मिशन 2010 मध्ये सुरू झाले आणि पूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून घोषणा झाली ती 2016 च्या जानेवारीत. म्हणजे सरकार पाठीशी असूनही एक तप गेले, आणि मुळात त्या डोंगराळ राज्यात रासायनिक खतांचा वापर आधीपासूनच फार कमी होता. विदर्भातील कपाशी-सोयाबीनच्या पट्ट्याशी त्याची तुलना होत नाही. घाईचे काय होते ते श्रीलंकेत दिसले. 2021 मध्ये रासायनिक खते व कीटकनाशकांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली गेली, पर्यायी खताची सोय नव्हती, भात आणि चहा दोन्ही अडचणीत आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली. एखादे विशिष्ट विष बंद करा ही मागणी मात्र वेगळी आहे. एन्डोसल्फान या कीटकनाशकाविरुद्ध कासरगोडच्या लोकांनी आणि केरळातील संस्थांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा बंदी आदेश आला. तशी मागणी तुमच्या गटाने जरूर करावी.

निंबोळी

आपल्या प्रश्नाच्या सर्वांत जवळचे उदाहरण माझ्या मते पुनुकुला या गावाचे आहे. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील, आज तेलंगणात असलेले हे कपाशीचे गाव. कीटकनाशकाचा दुकानदारच तेथे सावकार होता. औषध उधारीवर द्यायचे, कापूस त्यालाच घालायचा आणि कर्ज फिटायचे नाही. स्थानिक संस्था आणि हैदराबादचे शाश्वत शेती केंद्र यांनी तेथे सेंद्रिय हा शब्द पुढे न करता फक्त फवारणीचा खर्च बंद करण्याची गोष्ट केली : निंबोळी अर्क, पतंगांना गंधाने ओढणारे कामगंध सापळे, किडीला मुख्य पिकापासून दूर ओढणारी सापळा पिके, किडीचे जीवनचक्र शेतात उभे राहून दाखवणे. खते पहिल्या दिवशी सोडायला कोणी सांगितले नाही. थोड्या शेतकऱ्यांचा खर्च वाचलेला दिसल्यावर बाकीचे आले आणि 2004 च्या सुमारास गावाने स्वतःला कीटकनाशकमुक्त जाहीर केले. पुढे हीच पद्धत महिला बचतगटांमार्फत राज्यभर नेण्यात आली. म्हणून माझे मत असे, की तुमच्या बैठकीत उताऱ्याची चर्चा होण्याआधी खते-औषधे विकणाऱ्या कृषी केंद्रातील उधारीची वही उघडावी. तूट कोण भरणार, या प्रश्नाला काही अंशी तरी उत्तर त्या वहीत सापडते.

काळी कसदार

वरील सर्व मान्य, पण मजुरीचे कोणीच बोलले नाही. मी वर्धा जिल्ह्यात शेती करते. पाच टक्के निंबोळी अर्कासाठी शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळी पावडर लागते. निंबोळ्या पावसाच्या तोंडाशी वेचायच्या, वाळवायच्या, कुटायच्या, रात्रभर भिजवून फडक्याने गाळायच्या, नाहीतर पंपाचे नोझल तुंबते. दहा झाडांच्या पाल्याचा दशपर्णी अर्क तर महिनाभर ढवळावा लागतो. हे सगळे घरातील बाईच्या अंगावर पडते, आणि प्रचाराच्या बैठकीला मात्र पुरुष बसलेले असतात. आपल्या गटाने गावात निंबोळी वेचणी आणि अर्क तयार करण्याचे काम एखाद्या बचतगटाला रीतसर मोबदल्यावर दिले, तर निम्मा प्रश्न सुटेल.

दुसरी गोष्ट बियाण्याची. सेंद्रिय प्रमाणीकरणात बीटी, म्हणजे जनुक बदललेली, कपाशी चालत नाही आणि दुकानात बहुतेक तेच मिळते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे सूरजसारखे सरळ (संकरित नसलेले, बिगर-बीटी) वाण आहेत, पण त्यांच्या बियाण्याची चौकशी उन्हाळ्यातच करावी लागते. मृग लागल्यावर फिरून उपयोग नाही.

कोरडवाहू

सर्वांचे आभार. ताई, मजुरीचा मुद्दा आमच्या चर्चेत खरोखरच आला नव्हता. प्रमाणपत्राचे काय करावे? त्याचा खर्च ऐकून लोक बिचकतात.

बांधावरून

निर्यात करायची नसेल तर त्रयस्थ संस्थेच्या प्रमाणीकरणामागे लागू नये. पीजीएस-इंडिया या सहभागी हमी पद्धतीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करतो, संक्रमणाच्या काळात हरित आणि त्यानंतर सेंद्रिय असा शिक्का मिळतो. तोही पहिल्या वर्षी नको. आधी दोन-चार शेतकऱ्यांच्या एकेका एकरावर फवारणीशिवाय तूर आणि कपाशी घ्या, त्याचा आणि शेजारच्या नेहमीच्या एकराचा खर्च व उतारा एकाच वहीत लिहा आणि दिवाळीनंतर ती वही गावासमोर वाचा, उतारा घटला असेल तरीही.