शाळेच्या करारात फोर्स मेज्योरचं कलम आहे, सही करू का?

पाटीपेन्सिल
नमस्कार मंडळी, एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवायला माझी निवड झालीये, करार हातात आलाय आणि सोमवारपर्यंत सही करून द्यायचीये. पगार, रजा, नोटीस वगैरे नेहमीचंच आहे, पण शेवटून दुसऱ्या पानावर फोर्स मेज्योर (म्हणजे हाताबाहेरची आपत्ती) नावाचं एक कलम आहे ते वाचल्यापासून डोक्याला भुंगा लागलाय. मतितार्थ असा की पूर, भूकंप, आग, युद्ध, साथ, सरकारी आदेश "किंवा व्यवस्थापनाच्या मते शाळा चालवणे अवघड करणारी इतर कोणतीही परिस्थिती" उद्भवली तर शाळा पगार अंशतः किंवा पूर्ण थांबवू शकते, नाहीतर नोटीस न देता करारच संपवू शकते. किती दिवस थांबवणार ते काही लिहिलेलं नाही. ऑफिसात विचारलं तर म्हणे मॅडम, ही नुसती फॉरमॅलिटी आहे, सगळ्यांच्याच करारात असतं.
२०२० मध्ये आधीच्या शाळेत आम्ही रोज ऑनलाइन तास घेत होतो, रात्री अकराला पालकांचे मेसेज, आणि पगार मात्र अर्धा. विचारलं की "परिस्थितीच तशी आहे" एवढंच उत्तर. त्या करारात तर हे कलम नव्हतंही. म्हणून यावेळी आधीच विचारतेय. जाणकारांनी प्लीज सांगा, हे बदलून मागता येतं का?

कलमकसाई
फॉरमॅलिटी असेल तर काढून टाका म्हणावं, मग बघा चेहरा :)
करार तपासणं हा माझा रोजचा धंदा आहे म्हणून थोडं लांबण लावतो. शब्द फ्रेंच आहे, १८०४ च्या त्यांच्या नागरी संहितेपासूनचा. २०१६ च्या सुधारणेनंतर तिथल्या १२१८ व्या कलमात व्याख्याच दिलीये: घटना हाताबाहेरची हवी, करार करताना तिचा अंदाज येण्यासारखा नको, आणि योग्य ते उपाय करूनही परिणाम टळत नसावेत. अडथळा तात्पुरता असेल तर साधारणपणे जबाबदारी तेवढ्यापुरती थांबते, कायमचा असेल तरच करार संपतो. इंग्लिश कायद्यात असा तयार नियम नाही, तिथे करारात जे लिहिलंय तेच. काहीच लिहिलं नसेल तर फ्रस्ट्रेशनचा सिद्धांत, म्हणजे करार पाळणंच अशक्य झालं की तो संपतो, तो १८६३ च्या टेलर विरुद्ध कॅल्डवेल खटल्यातून आला. चार कार्यक्रमांसाठी हॉल भाड्याने घेतला होता, तो आधीच जळून गेला, कोर्ट म्हणालं आता दोघेही सुटले. भारतात ह्यासाठी, म्हणजे करार पाळणं अशक्य झालं तर काय, १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टची कलमं ३२ आणि ५६ आहेत.
आता तुमच्याकडचा "अवघड" हा शब्द बघा. जवळपास कुठलंही कोर्ट नुसतं अवघड झालं किंवा महाग पडलं म्हणून कुणाला सोडत नाही. भारताच्या सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये एनर्जी वॉचडॉगच्या निकालात हेच सांगितलं, आयात कोळसा महागला म्हणून वीज कंपन्यांना करारातून सुटता आलं नाही. पण तुम्ही सहीच "अवघड" ह्या शब्दावर केलीत तर शाळेला कायद्यापेक्षा जास्त सवलत तुम्हीच दिल्यासारखं होईल. त्यात परत "व्यवस्थापनाच्या मते". म्हणजे आपत्ती आली की नाही हे ठरवणार कोण, तर ज्याचा पैसा वाचणार तोच!
आणि एक गंमत. कंपन्या आपसात करार करतात तेव्हा ह्या कलमाखाली बरेचदा स्पष्ट लिहितात की पैसे देण्याची जबाबदारी ह्यातून माफ नाही. माल पोचवायला उशीर चालेल, बिल मात्र भरायचं. तुमच्या शाळेने बरोब्बर उलटं केलंय, माफी फक्त पैशालाच.

घंटा_वाजली
मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे शाळेचे हिशोब बघतो, तेव्हा शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहितोय. २०२० मध्ये युनेस्कोच्या आकड्याप्रमाणे १९० हून जास्त देशांत मिळून जवळपास १६० कोटी विद्यार्थ्यांची शाळा बंद होती. फी येईना, इमारतीचं कर्ज थांबेना, आणि विम्याकडे गेलो तर धंदा बंद पडल्याची पॉलिसी बहुतेकदा इमारतीचं प्रत्यक्ष नुकसान झालं तरच पैसे देते, साथीसाठी नाही. तेव्हा पोळलेल्या शाळांनी नंतर हे कलम घातलं, सगळेच काही लुच्चे नसतात.
पण ताई, तुमचं कलम फार ढिलं लिहिलंय हे मलाही मान्य आहे. कुठूनतरी कॉपी पेस्ट केलेलं वाटतं. मुदत मागा, आमच्याकडे सहा आठवडे आहे, त्यानंतर एकतर पूर्ण पगार नाहीतर नियमाप्रमाणे नोटीस.

कोरा_कागद
घंटा साहेब, फी येईना हे ठीक, पण ज्या शाळांनी ऑनलाइनची पूर्ण फी घेतली त्यांचं काय? तास चालू, परीक्षा चालू, फी चालू, मग आपत्ती नेमकी कुठे आली, फक्त मास्तरांच्या पगारात? शिकवणं होतंय तोवर करार पाळणं अशक्य झालेलंच नाही. हे वाक्य पाटीपेन्सिल यांनी करारात घालूनच घ्यावं, म्हणजे कर्मचारी घरून किंवा दुसऱ्या पद्धतीने काम करतोय तोवर हे कलम लागू होणार नाही.
अवांतर: शिक्षक निदान भांडतात तरी. बसचे ड्रायव्हर, शिपाई, लॅब असिस्टंट यांना घरून काम करताच येत नाही आणि ह्या कलमाचा पहिला फटका त्यांनाच बसतो, त्यांच्यासाठी किमान पगाराचा आकडा लिहिलेला करार मी अजून पाहिला नाही.

घंटा_वाजली
फी पूर्ण घेऊन पगार कापला असेल तर ती लबाडीच, त्यात दुमत नाही. ड्रायव्हरांचा मुद्दा लागला मनाला, आमच्याही करारात नाहीये तसं.

कलमकसाई
कोऱ्या कागदाशी सहमत, ते वाक्य सोन्यासारखं आहे. अजून एक राहिलं, २०२० नंतर केलेल्या करारात साथीला "अंदाज न येण्यासारखी" म्हणणं अवघड आहे, त्यामुळे शाळा साथ हा शब्द मुद्दाम यादीत घालतात. तो राहू द्या, त्यावर भांडून काही मिळणार नाही. भांडायचं ते "इतर कोणतीही" च्या शेपटावर. आणि कलम दोन्हीकडून चालेल असं करून घ्या, पुरात रस्ता बंद झाला म्हणून तुम्ही पोचला नाहीत तर तुमचीही गैरहजेरी धरायला नको. जे काही बोलाल ते ईमेलवर. तुमच्याकडच्या कामगार कायद्यात करारापेक्षा जास्त संरक्षण असेल तर करारातलं वाक्य तिथे टिकत नाही, तेही एकदा स्थानिक वकिलाला दाखवा.

पाटीपेन्सिल
सगळ्यांचे खूप आभार. काल ईमेल टाकला, आज बोलावलं होतं. "व्यवस्थापनाच्या मते" काढलं आणि त्याजागी "सक्षम सरकारी यंत्रणेच्या आदेशामुळे किंवा इमारत वापरण्यायोग्य न राहिल्यामुळे" असं आलं. सहा आठवड्यांची मुदत मी सांगितली, ते आठवर अडले, म्हटलं चालेल. घरून काम केलं तर पूर्ण पगार हे वाक्य प्रिन्सिपल लगेच हो म्हणाल्या, ट्रस्टींचा होकार यायचाय. नोटीस न देता काढण्याचं मात्र तसंच ठेवलंय, म्हणे ते हेड ऑफिसच बदलू शकतं.

कलमकसाई
मग सोमवारी नका करू सही. हेड ऑफिसचं उत्तर लेखी येऊ द्या, चार दिवसांनी काही बिघडत नाही.