आयपॉड क्लासिकमधली गाणी परत लॅपटॉपवर कशी आणायची? (संगीतकार: मारवा)

हळदीचं_पान

नमस्कार मंडळी. प्रश्न तांत्रिक आहे, पाल्हाळ माझं. घाईत असाल तर थेट शेवटचा परिच्छेद वाचा.

माझ्याकडे १६० जीबीचा आयपॉड क्लासिक आहे, लेकीने २०१० साली फ्रीमाँटहून येताना आणलेला. पाठीवर इतके ओरखडे आहेत की त्यात तोंड पाहिलं तर आहे त्याहून म्हातारी दिसते. चाक मात्र अजून लोण्यासारखं फिरतं. आत ६,८०० च्या आसपास फायली आहेत. निम्म्याहून जास्त सीडीवरून घेतलेल्या, त्यांची मला फिकीर नाही. फिकीर आहे ती माझ्या कॅसेटींची. काही रेडिओवरून धरलेल्या, काही ओळखीच्यांकडून उतरवून घेतलेल्या, दोन-चार मिरजेच्या दर्ग्यातल्या संगीतसभेत मांडीवर टेप घेऊन बसून केलेल्या. सगळ्या साठ मिनिटांच्या. २०११ च्या उन्हाळ्यात टेपरेकॉर्डरला लॅपटॉप जोडून ऑडॅसिटी नावाच्या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरवर एकेक बाजू उतरवली. अर्ध्या तासाची बाजू उतरायला अर्धा तासच लागतो, मध्ये कुकरसुद्धा लावायचा नाही.

मी हळदीच्या पेढीवर ३१ वर्षं कीर्द-खतावणी लिहिली आहे, त्यामुळे नुसती गाणी भरून माझं समाधान होईना. आयट्यून्समध्ये, म्हणजे आयपॉडवर गाणी भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये, रागासाठी रकाना नाही. गायक आहे, अल्बम आहे, प्रकार आहे. पण 'कंपोझर' नावाचा एक रकाना रिकामा पडून असतो आणि आयपॉडच्या मेन्यूत त्याची स्वतंत्र यादीही येते. ख्यालाला कसला आलाय संगीतकार? म्हणून तिथे मी राग लिहायला लागले. आता माझ्या आयपॉडवर मारवा, भूप, मुलतानी अशा नावाचे संगीतकार आहेत. संध्याकाळी पाचला चाक फिरवायचं, 'मुलतानी' दाबायचं, की मुलतानीचे सगळे गायक एका ओळीत हजर. जावई हसतो. हसू दे.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या गावभागात शिरलं. आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी पाणी ५७ च्या वर गेलं होतं. आम्ही लॅपटॉप, दागिने आणि कागदपत्रं घेऊन विश्रामबागला भाच्याकडे गेलो. कॅसेटींची ट्रंक खालच्या खोलीतच राहिली. परत आल्यावर उघडली तर आत चिखल आणि त्यात तपकिरी फितींचा गुंता. फेकताना मोजल्यासुद्धा नाहीत.

तरी लॅपटॉपवर सगळं होतं. तो गेल्या महिन्यात सुरू होईना, म्हणून दुरुस्तीला दिला. दुकानदाराने विंडोज नवीन टाकून, डिस्क धुऊनपुसून परत दिला. त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. म्हणजे आता सगळं फक्त आयपॉडमध्ये आहे. आयट्यून्स नव्याने टाकून आयपॉड जोडला, तर हा दुसऱ्या लायब्ररीशी जोडलेला आहे, पुसून या लायब्ररीशी जुळवायचा का, असं विचारतंय. ही लायब्ररी रिकामी! 'रद्द' दाबलं आणि वायर उपटली. हाताला घाम फुटला होता.

तर प्रश्न दोन. आयपॉडमधून गाणी उलट लॅपटॉपवर येतात का? आणि आली, तर सोबत माझे राग येतील का?

---

खटपट्या_धायरी

ताई, रद्द दाबलंत ते फार बरं केलंत. आता शांतपणे करू.

आयट्यून्सचा व्यवहार पहिल्यापासून एकतर्फी आहे, कॉम्प्युटरवरून आयपॉडवर. त्यांच्या दुकानातून विकत घेतलेली गाणी तेवढी उलट येतात, बाकीची नाहीत. पण गाणी आत साध्या फायली म्हणूनच पडलेली असतात, फक्त लपवलेली.

आधी आयपॉडवर सेटिंग्ज, अबाउट मध्ये जाऊन फॉरमॅट विंडोज आहे ना ते बघा. लॅपटॉप विंडोजचा होता म्हणजे असणारच. मॅकचा निघाला तर विंडोजला तो वाचता येणार नाही. मग आयपॉड जोडताना शिफ्ट आणि कंट्रोल दोन्ही दाबून धरा आणि आयपॉड यादीत दिसेपर्यंत सोडू नका, म्हणजे आयट्यून्स आपणहून काही जुळवायला जाणार नाही. 'माय कॉम्प्युटर'मध्ये आयपॉड पेनड्राइव्हसारखा दिसायला हवा. तिथे लपलेल्या फायली दाखवायचा पर्याय चालू करा, 'आयपॉड कंट्रोल' नावाचा फोल्डर उगवेल. त्यात 'म्युझिक', त्यात एफ००, एफ०१ असे पन्नासेक फोल्डर. अख्खा 'म्युझिक' उचलायचा आणि लॅपटॉपवर ठेवायचा. कॉपी करा, कट नको. आयपॉडमधलं काहीही हलवू नका.

उघडून बघाल तर दचकाल. प्रत्येक फाइलचं नाव चार अक्षरांचं आणि निरर्थक असतं. घाबरू नका. गायक, अल्बम, तुमचा मारवा हे सगळं फाइलच्या पोटात टॅग म्हणून लिहिलेलं असतं. एमपी३-टॅग नावाचं फुकट सॉफ्टवेअर त्या टॅगवरून फायलींना नावं देऊन टाकेल.

आयपॉडमधली डिस्क फिरणारी आहे, १.८ इंची, आणि आता बरीच वर्षं चाललेली. रात्री कॉपीला लावा आणि झोपा. उशीखाली किंवा गादीवर ठेवू नका, तापतो.

---

ऐसपैस

२०१४ लाच बंद झालेला आयपॉड अजून चालतोय हेच नवल. काकू, एवढा खटाटोप कशाला? सगळं यूट्यूबवर आणि स्ट्रीमिंगवर आहे. महिन्याचे थोडे पैसे भरा आणि ऐका.

---

हळदीचं_पान

@ऐसपैस, मीही ऐकते हो यूट्यूब, भाजी निवडताना. पण आकाशवाणीची एखादी सकाळची सभा आमच्या स्वयंपाकघरात कशी वाजली, ते कुणी यूट्यूबवर चढवलंय का? आणि तिथे मारवा मागितला तर दुसऱ्या नंबरला 'झोप लागण्यासाठी बासरी' येतं.

@खटपट्या, रात्री दहाला लावलंय. सकाळी सांगते.

---

पूर्वेचा_वारा

कॉपी होऊ द्या, पण पुढचं आताच सांगून ठेवतो. माझ्याकडेही क्लासिक आहे. मी त्यातली फिरती डिस्क काढून अ‍ॅडॉप्टरवर एसडी कार्ड बसवलं आणि रॉकबॉक्स टाकलं. रॉकबॉक्स हे आयपॉडच्या मूळ सॉफ्टवेअरऐवजी चालतं, मुक्तस्रोत आहे. आयट्यून्सची गरजच उरत नाही. गाणी फोल्डरनुसार टाकायची आणि वाजवायची. संगीतकारानुसार यादी त्यातही आहे, म्हणजे तुमचे मारवा-भूप कुठे जात नाहीत. विलंबित आणि द्रुत वेगळ्या ट्रॅकवर असतील तरी मध्ये फट न पडता वाजतात.

झाकण उघडणं मात्र सोपं नाही. पातळ पट्टीने कडेकडेने उचकटावं लागतं आणि पत्रा हमखास वाकतो. माझा वाकला.

---

हळदीचं_पान

सकाळ झाली. आधी चांगली बातमी. सगळ्या फायली आल्या. एमपी३-टॅगमध्ये उघडल्या आणि कंपोझरच्या रकान्यात एकाखाली एक भीमपलास, भीमपलास, भीमपलास दिसले तेव्हा चहा तसाच राहिला. सीडीवरचं सगळं जागच्या जागी आहे.

आता वाईट. ११२ फायली कोऱ्या आहेत. गायक नाही, राग नाही, नाव तेच चार अक्षरांचं. आकाराने प्रचंड, एकेक तीनशे एमबीच्या वर. वाजवून बघितल्या. त्या माझ्या कॅसेटीच आहेत. नेमक्या त्याच! आयपॉडवर मात्र नावं अजून नीट दिसतात. मग ती आहेत कुठे?

---

खटपट्या_धायरी

अरेरे. ही विचारायची गोष्ट माझ्याकडून राहिली. ऑडॅसिटीतून तुम्ही डब्ल्यूएव्ही म्हणून फायली काढल्या होत्या ना? मिनिटाला दहा एमबी, म्हणून तीस मिनिटांच्या तीनशे.

झालं असं की एमपी३ मध्ये आयट्यून्स नाव-गाव फाइलच्या आतच लिहितं. डब्ल्यूएव्हीत लिहीत नाही. त्यांचं सगळं फक्त लायब्ररीच्या वहीत. आयपॉडवरही एक वही असते, 'आयट्यून्स डीबी' नावाची, त्याच 'आयपॉड कंट्रोल'मध्ये. कुठल्या चार अक्षरांच्या फाइलचं खरं नाव काय, हे तिथे असतं. तुम्ही पोती आणलीत, खतावणी तिकडेच राहिली. गाण्यांना दिलेल्या चांदण्या आणि प्लेलिस्टही त्या वहीतच असतात, त्या नुसत्या कॉपीने येत नाहीत.

आयपॉड जसाच्या तसा आहे, म्हणजे गेलेलं काही नाही. ती वही वाचणारी सॉफ्टवेअर आहेत. विंडोजऐवजी लिनक्स वापरणारा कुणी ओळखीचा असेल तर त्यातल्या रिदमबॉक्स या गाण्यांच्या प्रोग्रॅममध्ये आयपॉड जोडायचा, नावासकट यादी येते आणि तिथून गाणी बाहेर ओढता येतात. विंडोजवर फूबार नावाच्या प्लेअर सॉफ्टवेअरला आयपॉडसाठीची जोडणी मिळते. आणि यापुढे असल्या फायली फ्लॅकमध्ये बदलून ठेवा. आवाज तोच राहतो, जागा कमी लागते आणि टॅग पोटात राहतात. फक्त आयपॉडचं मूळ सॉफ्टवेअर फ्लॅक वाजवत नाही, तिथे अ‍ॅपल लॉसलेस करावं लागेल.

---

दीड_जीबी

थोडं विषयांतर. ताई, फिरायला जाताना ऐकायला एखादा स्वस्तातला प्लेअर घ्यायचा विचार असेल तर माझा अनुभव ऐका. माझ्यावर देवनागरी नावं लिहिली की नुसत्या चौकटी दिसतात, नावं रोमनमध्येच ठेवावी लागली. आणि असे बरेच प्लेअर गाणी नावाच्या क्रमाने वाजवत नाहीत, ज्या क्रमाने कॉपी केली त्या क्रमाने वाजवतात. ०१, ०२ लिहूनही माझी सातवी गाणी आधी वाजायची. महिनाभर प्लेअरला शिव्या घातल्या. मग कळलं, कार्ड कोरं करून एकेक फोल्डर क्रमाने टाकायचा, किंवा फॅटसॉर्टसारख्या प्रोग्रॅमने यादी लावून घ्यायची.

---

हळदीचं_पान

@दीड_जीबी, हे लिहून ठेवलं. आमच्या कट्ट्यावर एकीच्या प्लेअरवर आरती आधी आणि भूपाळी नंतर वाजते, तिला सांगते.

@खटपट्या, 'पोती आणलीत, खतावणी तिकडेच राहिली' हे वाचलं आणि पुढचं आपोआप सुचलं. लिनक्सवाला माझा दुसरा भाचा पुण्याला, येणार दिवाळीत. तेवढा धीर नाही. आयट्यून्समध्ये 'रद्द' दाबल्यावरही आयपॉडवरच्या गाण्यांची यादी बघता येते, करड्या अक्षरांत. नाव, राग, आणि शेजारी वेळ. इकडे कोऱ्या फायलींचीही वेळ विंडोज दाखवतं. दोन वह्या समोरासमोर आल्यावर ताळा जमवायला मला कुणी शिकवायला नको.

फुलस्केप कागद घेतला, डावीकडे आयपॉडच्या ११२ वेळा सेकंदासकट, उजवीकडे फायलींच्या. ज्यांची वेळ एकमेव, त्या लगेच जुळल्या. अशा ६१ निघाल्या. बाकीच्यांचा घोळ असा की साठच्या कॅसेटीची बाजू कुठलीही असो, तीस-एकतीस मिनिटांतच संपते, त्यामुळे एकाच वेळेच्या दोन-दोन, तीन-तीन. त्या ५१ कानाने ओळखायच्या ठरवल्या. बहुतेकींना दोन मिनिटंही लागली नाहीत. कुमार गंधर्वांचा आवाज कळायला किती वेळ लागतो? एका जागी अडीच तास अडकले, कारण ऐकतच बसले. त्याला काम म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

चार दिवस लागले. ११० जुळल्या. उरल्या दोन, दोन्ही ३१:०७. यादीत दोन्हींपुढे 'गंगूबाई हनगल, तोडी', एकीला माझा कॅसेट नंबर १७ अ, दुसरीला ४४ ब. आवाज तोच, राग तोच, बंदिशही तीच. १७ मी रेडिओवरून धरली होती, ४४ इचलकरंजीच्या एका मैत्रिणीकडून उतरवून घेतलेली, एवढं आठवतं. पण कुठली कुठली?

---

खटपट्या_धायरी

तसं असेल तर रेडिओवालीत सुरुवातीला किंवा शेवटी निवेदन असेल ना?

---

हळदीचं_पान

निवेदन मी कधीच टेप करत नसे. फीत वाया जाते म्हणून. आता वाटतं करायला हवं होतं.

पण काल रात्री दोन्ही पुन्हा लावल्या, या वेळी हेडफोन घालून. एकीत बाविसाव्या मिनिटाला, तानेच्या मागे, अगदी लांबून कुकरची शिट्टी आहे. मग दुसरी शिट्टी. त्या काळी आमच्या टेपला रेडिओची वायर लागत नसे, रेडिओसमोर नुसता टेप ठेवायचा आणि घरात सगळ्यांना गप्प बसवायचं. सासूबाई तेवढ्या गप्प बसत नसत. ही १७ अ.

आता सगळ्या ११२ चं फ्लॅक चालू आहे. एक प्रत लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क विश्रामबागला भाच्याकडे, दुसऱ्या मजल्यावर. १७ अ च्या शेऱ्याच्या रकान्यात 'कुकर, २ शिट्ट्या' लिहिलं आहे.

@पूर्वेचा_वारा, ते झाकण उघडायची पट्टी प्लॅस्टिकची घ्यायची की लोखंडी?

---

पूर्वेचा_वारा

कडा उचकटायला लोखंडी, पण अगदी पातळ. आत शिरली की प्लॅस्टिकची. वरच्या कोपऱ्यापासून सुरू करू नका, बॅटरीची पट्टी आणि हेडफोनच्या भोकाची पट्टी दोन्ही पाठीच्या पत्र्याला चिकटलेल्या असतात, झटका दिला की तुटतात. आणि ताई, भाचा दिवाळीत येईपर्यंत थांबाच.