एकच कॅन अडॅप्टर, दोन ड्रायव्हर: अदलाबदल कशी करता?

मरोळ_सर्किट:
मंडळी, सल्ला हवाय. अंधेरी एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, इलेक्ट्रिक स्कूटरचे बॅटरी पॅक तपासतो. बीएमएसचा (पॅकवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटचा) डेटा कॅन बसवरून, म्हणजे गाडीतल्या भागांना जोडणाऱ्या दोन तारांच्या लाइनवरून, वाचायला पीकॅन-यूएसबी अडॅप्टर, लॅपटॉपवर उबंटू २२.०४ लिनक्स. जुना टेस्टिंग प्रोग्राम अडॅप्टर कंपनीच्या पीकॅन ड्रायव्हरवरच चालतो. नवीन लॉगिंग पायथनमध्ये केलंय, त्याला सॉकेटकॅनचा, म्हणजे लिनक्समधल्याच कॅन व्यवस्थेचा, कॅन-झिरो इंटरफेस लागतो. सध्या एक ड्रायव्हर काढून दुसरा टाकतो, मग रीबूट. दिवसभर हेच, आणि पोरं खोळंबून बसतात. दुसरा लॅपटॉप घ्यावा की लॅमिंग्टन रोडवरून दुसरा अडॅप्टर आणावा?

दादर_पश्चिम:
लॅपटॉपवर पैसे घालू नका. काही काढायचं नाही, दोन्ही ड्रायव्हर मशीनवर राहू देत.

सॉकेटकॅन २००८ पासून, म्हणजे आवृत्ती २.६.२५ पासून, कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) आहे आणि तुमच्या अडॅप्टरचा पीक-यूएसबी मॉड्यूल (कर्नलमध्ये लोड होणारा ड्रायव्हर) उबंटूसोबतच येतो. कंपनीचा ड्रायव्हर टाकला की तो मॉडप्रोब-डी या मॉड्यूल लोड करण्याच्या नियमांच्या फोल्डरमध्ये एक फाइल ठेवतो आणि पीक-यूएसबीला ब्लॅकलिस्ट करतो. कॅन-झिरो गायब होतो तो त्यामुळे. बरेच जण ती फाइल उडवतात. तसं करू नका, मग अडॅप्टर लावल्यावर दोघांपैकी कोण तो आधी पकडेल याचा नेम नाही.

उलट करा. त्याच फोल्डरमध्ये स्वतःची एक फाइल करून पीकॅनलाही ब्लॅकलिस्ट करा. ब्लॅकलिस्ट फक्त आपोआप लोड होणं थांबवते. मॉडप्रोब या कमांडला नाव घेऊन सांगितलं की मॉड्यूल लोड होतोच. हे कळलं की निम्मी डोकेदुखी संपते.

बदलताना: जुना प्रोग्राम बंद, मॉडप्रोब उणे-आर देऊन पीकॅन खाली, मग मॉडप्रोबने पीक-यूएसबी वर. केबल उपटायची गरज नाही, लोड होताच तो अडॅप्टर ताब्यात घेतो. त्यानंतर आयपी लिंक कमांडने कॅन-झिरोला बिटरेट (डेटाचा वेग) द्या आणि अप करा. परत जाताना आधी कॅन-झिरो डाउन, मग हेच उलट. दोन छोट्या शेल स्क्रिप्ट लिहून डेस्कटॉपवर ठेवल्या की पोरंही करतील. ‘मॉड्यूल वापरात आहे’ असा एरर आला तर जुना प्रोग्राम मागे कुठेतरी चालू राहिलाय.

सध्या अडॅप्टर कोणाकडे आहे ते पाहायचं तर एलएसयूएसबी उणे-टी ही कमांड द्या. अडॅप्टरच्या ओळीत ‘ड्रायव्हर’पुढे नाव येतं.

माटुंगा_वर्कशॉप:
वरचं सगळं बरोबर. तरीही जुना प्रोग्राम आणि लॉगिंग एकाच वेळी चालवायचं असेल तर दुसरा अडॅप्टर घ्याच. घेताना फर्मवेअर (अडॅप्टरच्या आतलं सॉफ्टवेअर) विचारा. कॅन्डललाइट असेल तर कर्नलमधला जीएस-यूएसबी ड्रायव्हर त्याला थेट ओळखतो, कॅन इंटरफेस तयार. एसएलकॅन असेल तर तो सिरियल पोर्ट म्हणून दिसतो आणि एसएलकॅनडी हा प्रोग्राम चालवून जोडावा लागतो. मी कॅन्डललाइटच घेईन.

आणि त्या बोर्डावर टर्मिनेशनचा (बसच्या टोकाला लागणारा रेझिस्टर जोडणारा) जंपर असेल तर तो काढा. बसच्या दोन्ही टोकांना १२० ओम असतात, म्हणून पॉवर बंद करून हाय आणि लो या बसच्या दोन तारांमध्ये मीटर लावला की ६० च्या आसपास दिसायला हवं. ४० दिसलं तर तिसरा रेझिस्टर कुठेतरी लागलाय.

मरोळ_सर्किट:
दादरकर, मनापासून आभार! ब्लॅकलिस्टवाली गोष्ट केली, आता रीबूट न करता बदलतं. एक शंका राहिली. कर्नल अपडेट झाला की पीकॅन लोड होत नाही, तेव्हा काय करता?

दादर_पश्चिम:
तो कर्नलबाहेरचा मॉड्यूल, प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बिल्ड व्हायला हवा. डीकेएमएस या मॉड्यूल पुन्हा बिल्ड करणाऱ्या साधनात नोंदवा, मग ते आपोआप होतं. कर्नलचे हेडर (बिल्डला लागणाऱ्या फाइली) इन्स्टॉल असू द्या. सिक्युअर बूट (सही तपासूनच चालू होण्याची सोय) चालू असेल तर सही नसलेला मॉड्यूल कर्नल नाकारतो. मोकयुटिल कमांडने स्वतःची सहीची की नोंदवा, पुढच्या बूटला निळ्या स्क्रीनवर पासवर्ड विचारेल. तो स्क्रीन थोडा वेळच थांबतो, तेव्हा समोर बसूनच रीस्टार्ट करा.