टिनं उडाली, भिंत फाटली, फ्रिज जळाला: घरविम्यात यातलं काय बसतं?

वणीकर: समोर स्लॅबच्या दोन खोल्या, मागे टिनाची पडवी, बाजूला ढोरांचा कोठा. वेचणीनंतर कापूस समोरच्याच खोलीत असतो. 'भारत गृह रक्षा' ही घरविम्याची पॉलिसी घ्यायची आहे. वादळ, काळ्या मातीच्या भेगा, वीज पडणं, यात काय मिळतं? रक्कम किती लिहावी?

मुरूम_भरणी: ही पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांकडे सारखीच आहे. नुकसान कशानं झालं ते आधी पाहतात. वादळानं टिनं उडाली किंवा झाड पडलं तर मिळतं. गंजलेल्या टिनातून पाणी गळलं तर नाही.

भेगांचं नीट समजून घ्या. जमीन खचणं पॉलिसीच्या धोक्यांच्या यादीत आहे, पण नव्या बांधकामाचं नेहमीचं बसणं, भरावाची जमीन दबणं आणि सदोष बांधकाम वगळलंय. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, पाया हलतो. असा दावा बहुधा टिकत नाही. त्यापेक्षा पायात मुरूम भरा आणि घराभोवती पाणी मुरू देऊ नका.

विजेच्या दाबानं किंवा शॉर्टसर्किटनं जळालेला फ्रिज मूळ संरक्षणात नाही, वीज पडून झालं असलं तरी. त्यातून आग लागून बाकी सामान जळालं, तर त्या सामानाचे पैसे मिळतात.

चटई_क्षेत्र: रक्कम बांधकाम खर्चावर काढा, जागेची किंमत धरू नका. ६० चौरस मीटर चटईक्षेत्र (भिंतींच्या आतली वापरायची जागा), खर्च चौरस मीटरला १५,००० रुपये धरला तर ९ लाख. इमारत आणि सामान दोन्ही घेतलं तर सामानाला आपोआप इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार. कमाल १० लाख. नुसत्या इमारतीचा विमा असेल तर सामान उघडं राहतं, कर्जाबरोबर काढलेल्या पॉलिसीत हे आधी तपासा. रोकड बसत नाही. दागिन्यांना वेगळं संरक्षण लागतं. चोरी फक्त विमित घटनेनंतरच्या ७ दिवसांतली.

कुटार: विकायचा कापूस हा घरसामान नाही, त्याचा विमा वेगळा घ्या. ढोरं आणि ट्रॅक्टरचंही तसंच. कोठा अर्जात स्वतंत्र लिहून घ्या, छप्पर कशाचं तेही. गवताचं, ताडपत्रीचं कच्चं धरलं जातं. पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळलेल्या झाडांचा) ढीग भिंतीला लावू नका.

नुकसान झालं की कंपनीला लगेच कळवा, दुरुस्तीआधी फोटो काढा, वाकलेली टिनं सर्व्हेअर (नुकसान मोजणारा) येईपर्यंत विकू नका. पाऊस असेल तर ताडपत्री टाका, नुकसान वाढू न देणं तुमच्याकडेच आहे. तलाठ्याचा पंचनामा आणि नमुना ८ (ग्रामपंचायतीचा घराचा उतारा) जोडा. पण सरकारी मदतीचा पंचनामा झाला म्हणजे विम्याचा दावा दाखल झाला असं नाही.